टाकीतली जोडी

लॅबमध्ये तिला सगळे घुबड म्हणायचे आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. लॅब दातांची होती. शहरभरच्या दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि त्यांवर मेण चढवून, एकेक दात बसवून, घासूनपुसून ती कवळ्या तयार करायची. सकाळी तिचे डोळे तांबारलेले दिसले की मालक विचारायचे, "काय घुबडबाई, काल कुणाच्या लग्नात जागलात?"

"उल्कांच्या," ती मान वर न करता सांगायची. "वऱ्हाड मोठं होतं. जेवण मात्र नव्हतं."

पन्नाशीला टेकलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली बाई. राहायला एक खोली, तिच्यातच स्वयंपाकाचा ओटा आणि एक कपाट. त्यात कपडे कमी नि लेन्स जास्त. सुट्टीच्या दिवशी लोक झोपा काढत तेव्हा ही नाल्याकाठी बगळ्यासमोर बगळ्यासारखीच उभी असायची. वखारीमागे एका कोल्हिणीनं पिल्लं घातली होती, त्यांचे तिनं महिनाभर फोटो काढले आणि त्या कोल्हिणीला तिचा वास इतका सवयीचा झाला की ती समोरून जांभई देत जायची. आकाशातलंही काही तिनं सोडलं नाही. ग्रहणं, उल्का, दोन ग्रह शेजारी-शेजारी आलेले. काढलेले फोटो ती चार माणसांना दाखवायची, फार तर छायाचित्रकारांच्या मंडळात एखादा द्यायची. बक्षीस कधी मिळालं नाही आणि तिनं त्याची वाटही पाहिली नाही. एका जिवाला पुरेल एवढा आनंद त्या नादात होता.

तो नाद तिनं दुसऱ्या जिवाला लावला, तिथं सगळं बिघडलं.

धाकट्या बहिणीचा नवरा फरशांच्या कंपनीत विक्रीच्या कामाला होता. माणूस बोलका, चारचौघांत छाप पाडणारा. पण हाताखालचा एक पोरगेला माणूस त्याच्या डोक्यावर साहेब म्हणून येऊन बसला आणि त्या दिवसापासून घरात त्याचं तोंड शिवल्यासारखं झालं. उघडलं तर ओरडण्यासाठीच. एकदा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यानं ताट भिंतीवर फेकलं. धाकटीनं भिंत पुसली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या बहिणीची खोली गाठली.

"ताई, ह्यांना काहीतरी नाद लाव गं. तुझ्यासारखा. नाहीतर एक दिवस ह्यांना वेड लागेल, नाहीतर मला."

ताईनं आपला जुना कॅमेरा भावोजींच्या हातात दिला. त्यांना सोबत नेलं. प्रकाश कसा वाचायचा, वारा कुठून येतो ते आधी का पाहायचं, पाखराच्या डोळ्यात का पाहायचं नाही, सगळं शिकवलं. भावोजींचा हात चांगला होता. नजरही होती. धीर मात्र नावाला नव्हता. अर्धा तास झाला की ते खडे उचलून झुडपात मारायला लागत.

"भावोजी, अहो असं करू नका. ते आपणहून येईल."

"ताई, गिऱ्हाईक येत नसेल तर आपण गिऱ्हाइकाच्या दारात जायचं असतं," ते हसून म्हणायचे. "घरी बसून फरशा खपत नाहीत."

तरी घरातली भांडणं थांबली. ताटं ओट्यावर राहिली. धाकटीच्या चेहऱ्यावर रंग आला. तिच्याकडेच राहणारी म्हातारी आई फोनवर सांगायची, "जावईबापू आता माणसात आलेत. तुझे उपकार गं बाई." ताईला बरं वाटायचं. तिनं भावोजींपासून काही लपवून ठेवलं नाही. एक जागा सोडून.

शहराच्या कडेला पाण्याची जुनी टाकी होती. विटांची, गोल, उंच. नवी टाकी झाल्यापासून तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. टाकीच्या पोटाखाली एक खोली होती, तिला एक खिडकी, आणि त्या खोलीत गव्हाणी घुबडांची एक जोडी कित्येक वर्षं राहत होती. बदामाच्या आकाराचं पांढरं तोंड, पाठ जुन्या सोन्यासारखी, उडताना सुईच्या टोकाइतकाही आवाज नाही. खालचं दार मोडकळीला आलं होतं. ताईनं स्वतः त्याला फळी ठोकली होती आणि बाहेरून मोठा दगड लावला होता, कारण आसपास भटकी मांजरं फार. ती स्वतः कधी वर गेली नाही. लांब, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या कुंपणाशी बसून ती खिडकीकडे पाहत राहायची.

तिथं बसून बसून तिच्या डोक्यात एक फोटो तयार झाला होता. एका ग्रहणाला चंद्र उगवतानाच झाकोळलेला असणार होता आणि उगवणार होता बरोबर टाकीमागून. संध्याकाळ विझता विझता तांबडा चंद्र खिडकीशेजारी येईल आणि त्याच सुमाराला घुबडं बाहेर पडतील. नर आधी, मग मादी, आतल्या पिल्लांना घास आणायला. दोघांची वेळ तिला आपल्या जेवणाच्या वेळेसारखी पाठ होती. आदल्या वर्षांच्या पौर्णिमांना येऊन तिनं उभं राहायची जागासुद्धा हेरून ठेवली होती. असा योग तिच्या हयातीत पुन्हा येणार नव्हता, हेही तिला माहीत होतं.

हे सगळं तिनं फक्त धाकटीला सांगितलं. एका दुपारी दोघी शेंगा सोलत बसल्या होत्या. बहिणीला नाही सांगायचं तर कुणाला?

ग्रहणाच्या दिवशी मालकांनी तिला लवकर सोडायचं कबूल केलं होतं. कॅमेऱ्याची बॅग भरून टेबलाखाली ठेवलेली. ती शेवटची कवळी घासत होती तेवढ्यात धाकटीचा फोन आला. आवाज रडका.

"ताई, आईचं काही खरं दिसत नाही. ताप उतरत नाहीये, बरळतेय. हे बाहेरगावी गेलेत कामाला. मला एकटीला भीती वाटते गं. येतेस?"

ताईनं बॅगेकडे पाहिलं. मग बॅग तशीच खांद्याला लावून धाकटीचं घर गाठलं.

आई पलंगावर बसून चहा पीत होती. नाक चोंदलेलं होतं, बाकी ठणठणीत. "अगं, तू कशी काय आज?" तिनं विचारलं. "मला काय धाड भरलीय?"

"सकाळपासून कशी होतीस तुझं तुला तरी कळत होतं का?" धाकटी एकदम तिच्या अंगावर ओरडली आणि ओरडता ओरडता रडायला लागली. खरंखुरं रडत होती. ताईनं आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं.

"मग मी निघू का? अजून वेळ आहे," ती म्हणाली.

धाकटीनं तिचा हात धरला. "नको ना जाऊस. पुन्हा चढला तर? आजच्या दिवस थांब. माझ्यासाठी."

ती थांबली. रडणाऱ्या बहिणीचा हात झटकून घुबडं पाहायला जाणारी बाई तिला व्हायचं नव्हतं. उन्हं उतरली. आईनं पेज घेतली, दोन घास जास्तच घेतले. अंधारून आल्यावर ताई सज्जात गेली. समोरच्या इमारतींच्या फटीतून चंद्राचा एक तुकडा दिसत होता, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. तिनं बॅग उघडलीसुद्धा नाही. आत आली तेव्हा धाकटी तिच्या नजरेला नजर देत नव्हती, पण दमली असेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी लॅबला जायच्या आधी ती टाकीकडे गेली. फोटोचा योग हुकला तर हुकला, जोडी तर आहे ना, म्हणून.

दगड बाजूला लोटलेला होता. फळी उखडून गवतात पडली होती. दार सताड उघडं. ती पहिल्यांदाच त्या जिन्यानं वर चढली. वरच्या खोलीच्या तोंडाशी एक बोका बसला होता; तिला पाहून तिच्या पायांमधून पळाला. आत पिसं होती. पिल्लांच्या अंगावरची कापसासारखी पांढरी लव, आणि रक्त, आणि एका पिल्लाचा नुसता पाय. दोन्ही मोठ्या घुबडांचा पत्ता नव्हता. खिडकीच्या कठड्यावर नवा कोरा खिळा ठोकलेला होता, त्याला नायलॉनचा दोरा. कोपऱ्यात पुठ्ठ्याचं एक खोकं, वर भोकं पाडलेलं, पाळीव प्राण्यांच्या दुकानात उंदीर ज्यात घालून देतात तसलं. खोक्यात लेंड्यांचा थर होता. म्हणजे कुणीतरी एकदाच नाही, आधी चांगले आठ-दहा दिवस येत होतं, घुबडांना कठड्यावरच्या आयत्या घासाची चटक लावत होतं.

ती पायरीवर बसली आणि तिनं धाकटीला फोन लावला. पहिली आठवण तिचीच आली.

"सगळं संपलं गं," ती हुंदके देत म्हणाली. "कुणीतरी हलकटांनी दार उघडं टाकलं. पिल्लं खाल्ली मांजरानं."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग धाकटी म्हणाली, "उगी, ताई. रडू नको." आणि फोन बंद झाला.

मंडळाचं वार्षिक प्रदर्शन दीड-दोन महिन्यांनी होतं. आईला फार हौस, जावईबापूंचा फोटो पहिला आला म्हणून. ताई आईला हाताला धरून घेऊन गेली. धाकटी नवी कोरी साडी नेसून पुढच्या रांगेत बसली होती. पहिल्या क्रमांकाच्या फोटोवर पडदा होता. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे सर म्हणत, त्यांनी पडदा ओढला आणि सभागृहातून एक 'आहाहा' उमटलं.

तांबडा चंद्र. टाकीची काळी कड. खिडकीच्या कठड्यावर पंख पसरून, पाय पुढे करून उतरणारं गव्हाणी घुबड.

फोटो वीटभट्टीच्या कुंपणापासून काढलेला होता. तिच्या जागेवरून. तिच्या डोक्यात होता तसाच. फक्त तिच्या फोटोत घुबड बाहेर झेपावत होतं आणि इथं ते आत, कठड्यावरच्या कशावर तरी तुटून पडत होतं. आणि फोटो सुंदर होता. तो भिकार असता तर तिला इतकं कडू लागलं नसतं.

भावोजी व्यासपीठावर छान बोलले. धीर धरावा लागतो, म्हणाले. निसर्गापुढे नम्र व्हावं लागतं, म्हणाले. शेवटी त्यांनी तिच्याकडे हात केला. "आणि आमच्या ताई. सुरुवातीला त्यांच्याच मागे मी कॅमेऱ्याचं ओझं वाहत फिरलो. त्यांचे आशीर्वाद आहेत." टाळ्या पडल्या. आईनं तिला कोपरानं ढोसलं, "अगं, तुझं नाव घेतलं बघ!" तिनंही टाळ्या वाजवल्या. हात आपोआप वाजले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती धाकटीकडे गेली. आई झोपली होती. धाकटी इस्त्री करत होती, कालच्या समारंभातला शर्ट.

"त्या दिवशी आईला काही झालं नव्हतं," ताई म्हणाली.

धाकटीनं इस्त्री उभी करून ठेवली. "हे म्हणाले, ताईंना संध्याकाळभर अडकवून ठेव. का, ते मी विचारलं नाही."

"आणि मी टाकीच्या जिन्यावर बसून तुझ्यापाशी रडले, तेव्हा?"

"तेव्हा कळलं."

"आणि गप्प बसलीस."

"मग काय करू? सांग ना, काय करू?" धाकटीचा आवाज चढला, मग आईकडे पाहून खाली आला. "तुला काय गं. दार लावलंस की तुझं घर तुझं. इथं मी रोज संध्याकाळी जिन्यावरच्या पावलांवरून ओळखते, आज काय फुटणार ते. परवा हे गुणगुणत आले. गुणगुणत, ताई! एक फोटोच होता ना? तुला दुसरे मिळतील. मला दुसरं काय मिळणार आहे?"

"फोटोचं जाऊ दे. पिल्लं मेली."

"मेली. वाईट झालं. पण ती घुबडाची होती. माझी नव्हती."

तेवढ्यात भावोजी आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चेहऱ्यावर विक्रीचं हसू होतं. "ताई, मनाला लावून घेऊ नका. जागा तुमची, कल्पना तुमची, कबूल. पण फोटो ज्यानं बटण दाबलं त्याचा असतो."

"दार उघडं टाकलंत तुम्ही."

"दार मोडकंच होतं हो."

"मी दगड लावला होता."

"मग आता मांजरांना शिकवा," भावोजी म्हणाले, "येता-जाता दगड लावायला."

धाकटी हसली. भीतीनं हसली असेल, सवयीनं हसली असेल, पण हसली. ते हसणं सोडून बाकी सगळं आपल्याला एक वेळ विसरता आलं असतं, असं ताईला पुढे अनेकदा वाटलं.

तिनं आठवडाभर काही केलं नाही. लॅबमध्ये एका कवळीला तिनं वरचे दात खाली नि खालचे वर बसवले आणि मालकांनी विचारलं, "घुबडबाई, हा माणूस उलटा टांगून जेवतो काय?" त्या दिवशी संध्याकाळी ती सरांच्या घरी गेली. घरट्यापाशी काढलेला फोटो चालणार नाही, आमिष दाखवून काढलेला तर मुळीच नाही, हा मंडळाचाच नियम होता.

"मूळ फोटो मागवा," ती एवढंच म्हणाली. "छापायच्या आधीचा."

सरांनी चष्मा काढला. "ते तुमच्या बहिणीचे यजमान ना?"

"हो."

"मग घरातल्या घरात..."

"घरातल्या घरात झालंय सर. म्हणूनच तुमच्याकडे आले."

भावोजींनी आधी टाळाटाळ केली, मग फाइल उडाली म्हणाले, मग कुणीतरी मुद्दाम आपल्या वाईटावर आहे म्हणाले. शेवटी द्यावी लागली. मूळ फोटोत कठड्यावर पांढराशुभ्र उंदीर होता आणि त्याच्या पायाला बांधलेला दोरा त्या तांबूस, अंधुक उजेडातही चमकत होता. छापताना त्यांनी दोरा पुसून टाकला होता आणि उंदराला मातकट रंग दिला होता.

बक्षीस काढून घेतलं गेलं. मंडळाच्या फळ्यावर चार शब्द लागले, 'तांत्रिक कारणामुळे निकालात बदल'. ती सरांना म्हणाली, कारण लिहा, आमिष लिहा, पिल्लं मेली ते लिहा. सर म्हणाले, "बाई, मंडळाच्या अब्रूचा प्रश्न आहे. तुमचं काम झालं ना?" पहिला नंबर सूर्यास्तात नाचणाऱ्या एका मुलीच्या फोटोला गेला.

तोवर तो घुबडाचा फोटो मात्र हजार हातांतून फिरला होता. तो खोटा आहे, हे ज्यांना कळलं ते मूठभर. तो कुठला आहे, हे सगळ्यांना कळलं. लोक टाकीवर चढून स्वतःचे फोटो काढायला लागले. एक जण जिन्यावरून पडून पाय मोडून बसला. मग पाणीखात्याची माणसं आली, त्यांनी खालचं दार विटांनी बुजवलं आणि वरच्या खिडकीला लोखंडी जाळी बसवली. ताई कुंपणाशी उभी राहून पाहत होती. पुन्हा जोडी आली असती तरी आता आत जायला वाट नव्हती.

धाकटीनं तिचं नाव टाकलं. भावोजींनी कॅमेरा माळ्यावर फेकला आणि पुन्हा जिन्यावरून तशीच पावलं वाजवत घरी यायला लागले. हे ताईला आईकडून कळलं, कारण महिन्याभरात आईच सामानासकट तिच्या दारात येऊन उभी राहिली. रिक्षातून आणून सोडली होती. धाकटी रिक्षातून उतरलीसुद्धा नाही.

"म्हणाली, तुझ्या मोठीकडे जा," आई पलंगावर बसत म्हणाली. पलंग एकच होता; ताईनं त्या दिवसापासून जमिनीवर अंथरूण घातलं. "आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेर कशाला बोंबलायचं होतं गं?"

आईला एकटं ठेवणं बरं नव्हतं. दिवसा शेजारीण डोकावून जायची, पण संध्याकाळपासून ताईच. नाला, वखार, कोल्हीण, सगळं सुटलं. त्याच दिवसांत मावळतीला एक धूमकेतू दिसायला लागला. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा, लांब शेपटीचा. मालकसुद्धा गच्चीवर जाऊन पाहून आले. "घुबडबाई, तुम्ही तर रोजच बघत असाल!"

"नाही हो," ती म्हणाली. "घरी आई असते."

त्या दिवशी संध्याकाळी आईनं नेहमीसारखं म्हटलं, "धाकटीला फोन लाव." ताईनं लावला. वाजून वाजून बंद झाला.

"तुझा नंबर बघून उचलत नाही ती." आई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मग तशीच म्हणाली, "काल दवाखान्यात धाकटीची शेजारीण भेटली होती. म्हणाली, हाताला पट्टी आहे. विचारलं तर पडले म्हणते." मग कूस न बदलता, "एवढंसं गिळता आलं नाही तुला?"

ताई जमिनीवर अंथरूण घालत होती. "नाही आलं," ती म्हणाली.

"उद्या लॅबमधून लाव. तिथला नंबर तिला कळणार नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं लॅबच्या फोनवरून नंबर फिरवला. धाकटीनं लगेच उचलला. "हॅलो?" आवाज बारीक, सावध होता. "हॅलो, कोण?"

"मी," ताई म्हणाली. "तुझा हात..."

फोन ठेवल्याचा आवाज आला. ताईनंही फोन ठेवला आणि ती टेबलाशी जाऊन बसली. संध्याकाळी घरी आल्यावर आईनं विचारलं, "लावलास?"

"लावला," ताईनं सांगितलं. "कुणी उचलला नाही."